कीर्ति आणि कसोटी

सोन्याची परीक्षा दागिन्याच्या घडणावळीवरून होत नाहीं. ती कसोटीच्या दगडावर होते. ही गोष्ट गांवांतला साधा सोनारही जाणतो आणि त्याचें गिऱ्हाईकही जाणतें. परंतु माणसाची किंवा त्याच्या कृतीची परीक्षा करण्याचा प्रसंग आला म्हणजे आपण हा नियम विसरतों आणि घडणावळीवरच भुलून जातों. वेष, वक्तृत्व, वशिला, वर्तमानपत्रांतील चित्र, थोरामोठ्यांचा सहवास ह्या साऱ्या गोष्टी घडणावळीच्या होत. त्यांच्या मुळाशीं जें आहे तें सोनें कीं पितळ, हें पाहण्याचे कष्ट फारच थोडे लोक घेतात. आमच्या काळांतील याचें सर्वांत बोधप्रद उदाहरण अमेरिकेंतील थेरॅनॉस नांवाच्या कंपनीचें होय. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळजण पुढें डॉक्टर, इंजिनिअर, व्यापारी किंवा कारखानदार होऊं इच्छितात. त्यांनीं ह्या हकीकतीचा विचार शाळेंत असतांनाच करावा, या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

एलिझाबेथ होम्स हिचा जन्म १९८४ सालीं वॉशिंग्टन शहरीं झाला. कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत ती केमिकल इंजिनिअरिंगचा अभ्यास करीत होती. सन २००३ मध्यें, वयाच्या अवघ्या १९ व्या वर्षीं तिनें एक कंपनी काढली आणि विद्यापीठाचा अभ्यास अर्ध्यावर सोडून दिला. उपचार व निदान ह्या अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांचे तुकडे जोडून कंपनीचें नांव 'थेरॅनॉस' असें ठेवण्यांत आलें. कंपनीची प्रतिज्ञा ऐकणाऱ्यास भुरळ पाडणारी होती. रोग्याच्या दंडाच्या शिरेंत सुई घालून नळ्याच्या नळ्या रक्त काढण्याचें कारण नाहीं. बोटाच्या टोंकास बारीकशी टोंचणी लावावी, निघालेला थेंब इवल्याशा कुपींत घ्यावा, एका लहानशा पेटींत तो घालावा, आणि त्या एका थेंबावर शेंकडों तपासण्या थोड्या वेळांत, थोड्या पैशांत करून घ्याव्या.

ही आकांक्षा वाईट होती काय? मुळींच नाहीं. ज्यांनीं आजारी लहान मुलाचें रक्त काढतांना पाहिलें आहे, किंवा ज्यांच्या घरीं वृद्ध आजीची शीर सांपडत नाहीं म्हणून दोनदोन तीनतीन वेळां सुई टोंचावी लागली आहे, त्यांस ह्या कल्पनेची थोरवी निराळी सांगावयास नको. तपासणी स्वस्त व सोपी झाली तर रोग वेळीं उमगेल आणि कित्येक प्राण वांचतील, हें म्हणणें अगदीं खरें होतें. दुःखाची गोष्ट ही कीं, ह्या फसवणुकीचा आरंभ दुष्ट हेतूंत दिसत नाहीं. आरंभीं एक चांगली इच्छा होती. ती इच्छा पुरी झालेली नसतां पुरी झाली आहे असें सांगण्यास प्रारंभ झाला, तेथें पापाचें पाऊल पडलें.

सृष्टीचे नियम कोणाच्याही इच्छेस वश होत नाहींत. बोटाच्या टोंकांतून निघणारें रक्त व शिरेंतून काढलेलें रक्त हीं सर्वस्वीं एकसारखीं नसतात. बोट दाबून थेंब काढतांना आसपासच्या मांसांतील द्रव त्यांत मिसळतो. रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांच्या पोटांतील पोटॅशियम बाहेर पडून तपासणींत त्याचें प्रमाण आहे त्याहून अधिक दिसतें. शिवाय थेंब म्हणजे थेंबच. तो अनेक तपासण्यांस पुरवावयाचा झाल्यास त्यांत पातळ करणारा द्रव घालून तो वाढवावा लागतो. आणि जितकें पातळ करावें तितकी लहानशी चूकही मोठी होऊन बसते. बोटाच्या थेंबावर कांहीं तपासण्या चांगल्या होतात; मधुमेही लोक घरच्या घरीं साखर पाहतात ती अशीच. परंतु एक गोष्ट साधली म्हणून शेंकडों साधतील, असा न्याय शास्त्रांत चालत नाहीं. स्टॅनफर्डमधील वैद्यकाच्या प्राध्यापिका डॉ. फिलिस गार्डनर यांच्याकडे ही मुलगी कंपनी निघण्यापूर्वीं आपली पहिली कल्पना घेऊन गेली होती. अंगावर चिकटवावयाच्या एका पट्टीनें रोग ओळखावा व औषधही द्यावें, अशी ती कल्पना. हें साधणार नाहीं, असें गार्डनरबाईंनीं तिला स्पष्ट सांगितलें. परंतु 'नाहीं' म्हणणारा गुरु आणि 'वाहवा' म्हणणारा गुरु असे दोन गुरु समोर असले, तर तरुण मन कोणाकडे धांवतें हें सांगण्याची गरज नाहीं.

पुढील दहा वर्षांत कंपनीनें जी पेटी बनविली तिला थोर संशोधक एडिसन याचें नांव दिलें होतें. जाहिरात दोनशेंहून अधिक तपासण्यांची. परंतु रोग्यांच्या रक्तावर 'एडिसन' पेटी करीत असे त्या तपासण्या सुमारें डझनभर, आणि त्याही भरंवशाच्या नव्हत. बाकीच्या तपासण्या जर्मनींतील सीमेन्स कंपनीच्या बाजारांत मिळणाऱ्या मोठ्या यंत्रांवर, त्यांत फेरफार करून व थेंब पातळ करून, गुपचूप उरकल्या जात. आणि कित्येक रोग्यांचें रक्त तर इतर प्रयोगशाळांप्रमाणें शिरेंतूनच घेतलें जाई. जिच्या नांवानें एवढा गाजावाजा चालला होता ती पेटी अशा रीतीनें बहुतांशीं देव्हाऱ्यांतल्या मूर्तीप्रमाणें पूजेपुरतीच होती.

आणि पूजा तर थाटाची चालली होती. २०१३ च्या सप्टेंबरांत वॉलग्रीन्स ह्या अमेरिकेंतील प्रचंड औषधविक्या कंपनीच्या दुकानांतून थेरॅनॉसची तपासणी सुरू झाल्याचें जाहीर झालें, आणि पुढें अ‍ॅरिझोना प्रांतांतील सुमारें चाळीस दुकानांत ती चालूं लागली. २०१४ त कंपनीची किंमत ९ अब्ज डॉलर धरण्यांत आली. तींतील अर्धा हिस्सा होम्सचा असल्यामुळें तिची संपत्ति साडेचार अब्ज डॉलर झाली. त्याच वर्षीं 'फॉर्च्यून' मासिकाच्या मुखपृष्ठावर तिचें चित्र आलें. ती नेहमीं काळा, गळाबंद पोषाख करी. त्यामुळें लोक तिची तुलना संगणकांच्या धंद्यांतील नामांकित पुरुष स्टीव्ह जॉब्स याच्याशीं करीत. कंपनीच्या संचालक मंडळांत जॉर्ज शुल्ट्झ व हेन्री किसिंजर हे अमेरिकेचे दोन माजी परराष्ट्रमंत्री, विल्यम पेरी हे माजी संरक्षणमंत्री, आणि जेम्स मॅटिस यांच्यासारखे सेनापति होते. वॉल्मार्टच्या मालकांच्या कुटुंबानें १५ कोटी डॉलर दिले. वर्तमानपत्रांचे धनी रूपर्ट मर्डोक यांनीं १२ कोटींहून अधिक दिले. सर्व मिळून ७० कोटी डॉलरांहून अधिक भांडवल जमलें. जुलै २०१५ मध्यें तर अमेरिकेच्या उपाध्यक्षांनीं स्वतः कंपनीच्या प्रयोगशाळेस भेट देऊन तिची स्तुति केली.

आतां वाचकांनीं एका गोष्टीचा विचार करावा. वर जीं नांवें आलीं, त्यांतील माणसें मूर्ख नव्हतीं. कित्येकांनीं राष्ट्रांचे तह घडवून आणले, कित्येकांनीं सैन्यें चालविलीं, कित्येकांनीं कोट्यवधींचे व्यापार केले. परंतु त्यांतील एकदोन अपवाद सोडल्यास रक्ताची तपासणी कशी होते, हें कोणास ठाऊक होतें? शुल्ट्झसाहेब आले म्हणून किसिंजरसाहेब आले. ते आले म्हणून धनिक आले. धनिक आले म्हणून वर्तमानपत्रें आलीं. आणि वर्तमानपत्रांत चित्र आलें म्हणून रोगी आले. प्रत्येकानें आपल्या पुढच्याकडे पाहिलें. पेटी उघडून कोणींच पाहिली नाहीं. वॉलग्रीन्सनें नेमलेल्या एका जाणत्या सल्लागारानें प्रयोगशाळा पाहावयास मागितली असतां ती त्यास दाखविली गेली नाहीं, आणि तरीही करार झाला. कारण आपण थांबलों तर प्रतिस्पर्धी दुकानदार हा सौदा पटकावील, ही भीति शंकेपेक्षां बलवत्तर ठरली. आमच्याकडील गाडरांच्या कळपाची गोष्ट सर्वांस माहीत आहे. विद्या, धन व अधिकार ह्या तिन्हींनीं युक्त असलेला कळपही शेवटीं कळपच असतो, एवढें ह्यावरून दिसतें.

खऱ्या शास्त्राची रीत ह्याच्या अगदीं उलट आहे. शास्त्रज्ञ आपला शोध प्रथम आपल्या बरोबरीच्या जाणत्यांपुढें मांडतो. ते त्यांत दोष काढतात, प्रयोग पुन्हां करून पाहतात, आणि त्यांतून टिकेल तेंच ज्ञान म्हणून मान्य होतें. थेरॅनॉसनें 'धंद्यांतील गुपित' ह्या नांवाखालीं हा मार्गच बंद केला. फेब्रुवारी २०१५ मध्यें स्टॅनफर्डचेच प्राध्यापक जॉन आयोॲनिडिस यांनीं अमेरिकन वैद्यक मंडळाच्या मासिकांत हाच आक्षेप घेतला कीं, इतका गाजलेला शोध शास्त्रीय नियतकालिकांतून कोठेंच परीक्षेस उतरलेला दिसत नाहीं. आम्हांस वाटतें, ह्या साऱ्या प्रकरणांत विचारलेला सर्वांत सोपा व सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच होता. तो विचारण्यास अब्जाधीश असावें लागत नाहीं. शास्त्राच्या वर्गांत नीट लक्ष देणारा विद्यार्थीही तो विचारूं शकतो.

हा केवळ धनिकांच्या पैशाचा प्रश्न असता, तर आम्ही त्यावर एवढी शाई खर्च केली नसती. ज्याच्यापाशीं दहा कोटी डॉलर उधळावयास आहेत, त्याचे दहा कोटी गेल्यानें त्याच्या घरची चूल विझत नाहीं. परंतु त्या दुकानांत जाऊन बोट पुढें करणारीं माणसें साधीं होतीं. न्यायालयापुढें आलेल्या साक्षींवरून असें दिसतें कीं, पूर्वीं गर्भपाताचें दुःख वारंवार सोसलेल्या एका स्त्रीस थेरॅनॉसच्या तपासणीवरून पुन्हां गर्भ जात आहे असें कळविण्यांत आलें. वस्तुतः तिचा गर्भ सुरक्षित होता आणि पुढें तिला मूल झालें. दुसऱ्या एका स्त्रीस एड्सच्या विषाणूची बाधा झाल्याची खूण रक्तांत आढळल्याचें सांगण्यांत आलें. तेंही खोटें निघालें. ह्या बायांनीं ते दिवस आणि त्या रात्री कशा काढल्या असतील! आणि हें तर भय निष्कारण ठरलेल्यांचें झालें. ज्यास 'तुझें रक्त ठीक आहे' असें खोटें आश्वासन मिळालें आणि जो निर्धास्तपणें घरीं गेला, त्याचें नुकसान मोजावयाचें कोणत्या मापानें? नीतिसूत्रांच्या पुस्तकांत खोट्या तराजूचा वारंवार धिक्कार केला आहे. वाण्याचा खोटा तराजू पावशेर धान्य चोरतो. वैद्याचा खोटा तराजू माणसाची झोंप, आशा आणि प्रसंगीं आयुष्यच चोरतो.

ह्या काळोखांत दोन दिवे पेटले, त्यांची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांनीं विशेष लक्षपूर्वक वाचावी. टायलर शुल्ट्झ हा संचालक जॉर्ज शुल्ट्झ यांचा सख्खा नातू. नुकताच पदवीधर होऊन तो ह्याच कंपनींत नोकरीस लागला होता. एरिका चंग ही त्याच्यासारखीच नवी पदवीधर प्रयोगशाळेंत काम करीत होती. यंत्राची परीक्षा घेतांना न जुळणारे आंकडे 'अपवाद' म्हणून वगळले जातात आणि मग उरलेले आंकडे जुळतात असें दाखविलें जातें, हें दोघांच्याही नजरेस आलें. टायलरनें होम्सला पत्र लिहून शंका विचारली. उत्तर आलें तें कंपनीचा दुसरा अधिकारी रमेश उर्फ 'सनी' बलवानी याचें, आणि तें मुलाच्या अज्ञानाची अवहेलना करणारें होतें. २०१४ च्या वसंतांत दोघांनींही नोकरी सोडली. टायलरनें आजोबांस सर्व सांगितलें. आजोबांनीं नातवापेक्षां होम्सवर अधिक विश्वास ठेवला. पुढें 'वॉल स्ट्रीट जर्नल' पत्राचे बातमीदार जॉन कॅरीरू यांस त्यानें माहिती दिली, तेव्हां कंपनीचे वकील त्याच्या मागें लागले. आणि त्याच्या आईबापांचे वकिलांपायीं चार लाख डॉलरांहून अधिक खर्ची पडले. एरिका चंग हिनें सप्टेंबर २०१५ मध्यें प्रयोगशाळांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्यास पत्र धाडलें. ता. १५ ऑक्टोबर २०१५ रोजीं कॅरीरू यांचा पहिला लेख प्रसिद्ध झाला, आणि देव्हाऱ्याचा पडदा फाटला.

त्यानंतरचा इतिहास थोडक्यांत सांगतां येईल. २०१६ च्या जानेवारींत सरकारी खात्यानें कळविलें कीं, नेवार्क येथील प्रयोगशाळेंतील दोषांमुळें रोग्यांच्या जिवास तात्काळ धोका आहे. कंपनीस 'एडिसन' पेटीवरील दोन वर्षांचे निकाल रद्द करावे लागले. जून महिन्यांत वॉलग्रीन्सनें संबंध तोडला, आणि ज्या 'फोर्ब्स' मासिकानें तिची संपत्ति साडेचार अब्ज मोजली होती त्यानेंच ती शून्य म्हणून लिहिली. २०१७ त अ‍ॅरिझोना प्रांतांतील पावणेदोन लाख गिऱ्हाइकांचे सुमारें साडेशेचाळीस लक्ष डॉलर परत करण्याचें कंपनीनें कबूल केलें. २०१८ त फौजदारी आरोप ठेवले गेले व कंपनी मोडली. खटल्यांत असें बाहेर आलें कीं, कंपनीनें स्वतःच लिहिलेल्या अहवालावर फायझर ह्या जगप्रसिद्ध औषध कंपनीचें बोधचिन्ह चिकटविण्यांत आलें होतें, आणि तें आपणच केलें हें होम्सला साक्षींत कबूल करावें लागलें. २०१४ सालीं दहा कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न होईल असें गुंतवणूकदारांस भासविलें होतें. प्रत्यक्ष उत्पन्न लाख डॉलरांच्या थोडें वर होतें. ता. ३ जानेवारी २०२२ रोजीं ज्यूरीनें तिला चार आरोपांखालीं दोषी ठरविलें. नोव्हेंबरांत सव्वाअकरा वर्षांची शिक्षा झाली. बलवानी बाराही आरोपांखालीं दोषी ठरून त्यास जवळजवळ तेरा वर्षांची शिक्षा झाली. ता. ३० मे २०२३ रोजीं होम्स टेक्सासमधील तुरुंगांत दाखल झाली. फेब्रुवारी २०२५ मध्यें अपील न्यायालयानेंही दोघांची शिक्षा कायम केली.

न्याय झाला हें खरें. परंतु आमच्या मनांतील एक शल्य येथें बोलून दाखविणें आम्हांस प्राप्त आहे. ज्या चार आरोपांखालीं होम्स दोषी ठरली, ते चारही धनिक गुंतवणूकदारांस फसविल्याचे होते. रोग्यांस फसविल्याच्या आरोपांतून ज्यूरीनें तिला मुक्त केलें. ज्यूरीपुढें जो पुरावा आला त्यावरून तिनें निकाल दिला. त्यास नांवें ठेवण्याचा आमचा अधिकार नाहीं. तथापि मनांत विचार येतो कीं, कोट्यवधि डॉलर देणाऱ्यास दिलेलें खोटें वचन कागदावर सांपडतें, आणि थोडेसे डॉलर देऊन बोट टोंचून घेणाऱ्या बाईचे अश्रु कोणत्याच कागदावर सांपडत नाहींत. कायद्याचा तराजू कागद तोलतो. अश्रु तोलण्याचें काम समाजाच्या विवेकबुद्धीचें आहे. आणि तें तिनें कायद्यावर ढकलून स्वस्थ बसूं नये.

कोणी म्हणेल कीं, नवें कांहीं करणाऱ्यानें प्रथम थोडी बढाई मारली तर त्यांत एवढें काय बिघडलें? सिलिकॉन व्हॅलींत तर असें बोललेंच जातें कीं, साधेपर्यंत साधल्याचें सोंग करावें. प्रत्यक्ष एडिसनचे तरी किती प्रयोग फसले होते! ह्यास आमचें उत्तर असें आहे. प्रयोग फसणें हा दोष नव्हे; शास्त्राचा तो नित्याचा क्रम आहे. परंतु एडिसनच्या दिव्याची तार जळून गेली ती त्याच्या स्वतःच्या प्रयोगशाळेंत. तिच्यामुळें कोणा आजाऱ्याच्या औषधांत चूक झाली नाहीं. खेळण्याचा किंवा दूरध्वनीचा कारखानदार कच्चा माल बाजारांत आणील तर गिऱ्हाईक फार तर हळहळेल. ज्या धंद्याचा माल माणसाच्या शरीरापर्यंत पोंचतो, त्या धंद्यांत सोंगास जागा नाहीं. फसलेला प्रयोग झांकणें आणि फसलेला प्रयोग सांगणें ह्या दोहोंमध्यें जें अंतर आहे, तेंच ठकांत व शास्त्रज्ञांत आहे.

हें अंतर पाहावयास आम्हां मुंबई इलाख्यांतील लोकांस फार दूर जावें लागत नाहीं. सन १८९६ त मुंबईंत प्लेग आला, त्या वेळीं वाल्डेमार हाफकीन ह्या परदेशी शास्त्रज्ञानें भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एका खोलींत रात्रंदिवस खपून प्लेगची लस तयार केली. ती प्रथम कोणाच्या अंगांत टोंचली? ता. १० जानेवारी १८९७ रोजीं त्यानें ती स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली आणि मगच इतरांपुढें ठेवली. पुढें १९०२ सालीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं लस टोंचलेलीं १९ माणसें धनुर्वातानें मेलीं. हाफकीनवर ठपका आला, त्याचें पद गेलें. परंतु ही विषबाधा लस बनवितांना झाली नसून त्या गांवीं बाटली उघडतांना झाली होती, असें पुराव्यांवरून दिसून आलें. आणि रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या जाणत्यांनीं त्याची बाजू उचलून धरल्यावर १९०७ त तो निर्दोष ठरला. परळ येथील संस्थेस १९२५ सालीं त्याचें नांव देण्यांत आलें तें आजही आहे. एकीवर स्तुतीचा वर्षाव झाला आणि पुराव्यानें ती बुडाली. दुसऱ्यावर निंदेचा वर्षाव झाला आणि पुराव्यानें तो तरला. जगाची स्तुति व जगाची निंदा दोन्ही चुकूं शकतात, परंतु सत्य ज्याच्या बाजूस आहे त्यानें कसोटीस भिण्याचें कारण नाहीं.

आतां आम्ही आमच्याच दाराशीं येतों. विद्यार्थीमित्रहो, शाळेच्या प्रयोगशाळेंत लंबकाचा प्रयोग तुम्ही करतां. पृथ्वीच्या आकर्षणाचा आंकडा ९८१ येतो असें पुस्तकांत लिहिलेलें असतें. मग होतें काय? घड्याळाकडे अर्धें लक्ष, शेजाऱ्याच्या वहीकडे अर्धें लक्ष; उत्तर आधीं लिहावयाचें आणि लंबकाचे आंदोलनकाल त्यावरून उलटे काढून रकान्यांत भरावयाचे. वही स्वच्छ दिसते, मास्तरांची सही मिळते, गुणही मिळतात. गंमत अशी कीं, तो पुस्तकी आंकडा दूरच्या अक्षांशांचा आहे. मुंबईसारख्या ठिकाणीं तो ९७९ हून किंचित् कमीच आहे. म्हणजे ज्याच्या वहींत नेमका ९८१ उतरला, त्यानें मुंबईच्या जमिनीस प्रश्न न विचारतां पुस्तकासच प्रश्न विचारला! ज्याच्या वहींत ९६५ आला आणि 'दोरीची लांबी मोजण्यांत चूक झाली असावी' असें ज्यानें खालीं प्रामाणिकपणें लिहिलें, त्याचा प्रयोग आम्ही श्रेष्ठ समजतों. आणि ह्यांत दोष एकट्या विद्यार्थ्यांचा आहे असेंही आम्ही म्हणत नाहीं. आम्ही वडील मंडळी बरोबर उत्तरास गुण देतों, खऱ्या उत्तरास देत नाहीं. वहीचें कव्हर पाहतों, आंकडे पाहत नाहीं. थेरॅनॉसच्या प्रयोगशाळेंत न जुळणारे आंकडे वगळणाऱ्या हातांनीं ही विद्या कोठें तरी लहानपणींच गिरविली असली पाहिजे.

ह्या हकीकतीपासून महत्त्वाकांक्षा वाईट, असा बोध मात्र कोणीं घेऊं नये. एका थेंबावर शंभर रोग ओळखणारें यंत्र उद्यां खरोखरच कोणी बनवील, आणि तो कोणी आमच्याच शाळेंतील असला तर आमच्या आनंदास पारावार राहणार नाहीं. मुलींनींही असें समजूं नये कीं, एक बाई चुकली म्हणून बायांनीं मोठें कांहीं करूं नये. जिनें ह्या प्रकरणांत सत्य उजेडांत आणलें ती एरिका चंग मुलगीच होती, आणि जिनें आरंभींच खरा सल्ला दिला ती गार्डनरबाईही स्त्रीच होती. आमचें सांगणें एवढेंच आहे कीं, मोठें स्वप्न पाहणाऱ्यानें आपल्या जवळ 'नाहीं' म्हणणारा एक मनुष्य नेहमीं ठेवावा; जाणत्यांच्या परीक्षेस स्वतःहून जावें; आणि ज्या दिवशीं यंत्र चालणार नाहीं त्या दिवशीं 'चालत नाहीं' हे दोन शब्द उच्चारण्याचें धैर्य ठेवावें. हे दोन शब्द होम्सनें २०१३ च्या सप्टेंबरांत उच्चारले असते, तर कदाचित् तिची कीर्ति वाढण्यास आणखी दहा वर्षें लागलीं असतीं. परंतु ती आज तुरुंगांत नसती, आणि कित्येक रोग्यांच्या वांट्यास ते भयाचे दिवस आले नसते.

जे पुढारी होणार नाहींत, नोकरीच करतील, त्यांच्यासाठीं टायलर व एरिका यांचें उदाहरण आहे. दोघेंही कंपनींत सर्वांत खालच्या पायरीवर होतीं. अनुभव नाहीं, पैसा नाहीं, नांव नाहीं. त्यांच्यापाशीं फक्त प्रयोगशाळेंत डोळ्यांनीं पाहिलेले आंकडे होते, आणि ते खोटे आहेत असें म्हणण्यास त्यांचें मन तयार होईना. पुढें वृद्ध शुल्ट्झसाहेबांनींही आपल्या नातवाच्या कर्तव्यनिष्ठेची जाहीर प्रशंसा केली. आजोबांनीं देशाचें परराष्ट्रखातें संभाळलें. नातवानें एक आंकडा संभाळला. ह्या प्रसंगीं तरी नातवाचें काम अधिक मोलाचें होतें, असें आमचें मत आहे.

पुढील वर्षीं प्रयोगशाळेची नवी वही हातीं घ्याल, तेव्हां तिच्या पहिल्या पानावर नांव लिहितांना ह्या दोघांची आठवण ठेवा. आंकडा चुकला तर चुकूं द्या. पण जो लिहाल तो पाहिलेला असूं द्या.